सराव चौथा, पुन्हा

सराव चौथा. दहा मिनिटांचा गजर लावा. खोलीत जे दिसतं तेवढंच लिहा. हात थांबवू नका.

धाकटीने गजर लावला. पहिले तीन सराव चुरगळून टोपलीत गेले होते. डाव्या हाताने लिहिलेला तर तिचा तिलाच वाचता आला नव्हता. संपादकांनी पाठवलेल्या कागदावर अजून सहा सराव शिल्लक होते. कादंबरी द्यायला एक महिना. लिहून झालेली पानं: शून्य.

समोरच्या खुर्चीत ताई पडद्याची दुमड घालत बसली होती. दीड वर्षाने आली होती, तीही पडदे जमिनीवर लोळतात असं निमित्त काढून. धाकटीच्या मागच्या पुस्तकात नवऱ्याने टाकलेली, वाकड्या नाकाची एक शिंपीण होती. ताईच्या गिऱ्हाइकांनी तिला पहिल्या पानातच ओळखलं होतं.

आज दारातच ताईने बजावलं होतं, "शिवायला आलेय. माझ्यावर पुन्हा एक ओळ लिहिलीस, तर मी या घरची नाही."

पेन कागदावर टेकलेलं. हलेना.

"अडलं का गं?" ताईने मान वर न करता विचारलं.

"कधीचं."

"मशीन अडलं की मी दोरा काढून टाकते आणि कोऱ्या कागदावर चालवते. नुसती भोकं पडतात. पण पाय सुटतो."

"भोकं कोण छापणार, ताई?"

"तू आधी पाड तर."

धाकटीने खाली मान घातली.

पडदा निळा. दुमड दोन बोटांची. टाचण्या बशीत. सुई आत, सुई बाहेर. कपाच्या कानाचा टवका उडालेला. चष्म्याचं घर उघडं. खडूचा डबा. उन्हाची तिरीप, खुर्चीच्या हातावर. खुर्ची रिकामी.

गजर वाजला. ताईने दाताने दोरा तोडला आणि हात पुढे केला.

"आण इकडे."

धाकटीने कागद दिला आणि उगाच पेनाचं टोपण लावत बसली.

ताईने वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"सुई आपली आपणच चालतेय होय?"

"तूच म्हणालीस ना, एक ओळ नको."

"म्हणाले खरी."

ताईने शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवला. मग तिने डब्यातला खडू घेतला आणि 'रिकामी' या शब्दावर सरळ रेघ ओढली. कापड कापायच्या जागी ओढते तशी.

"लाव गजर," ती म्हणाली आणि सुईत नवा दोरा ओवायला उजेडाकडे वळली. "आणि या वेळी नाक तरी सरळ काढ माझं."