डोव्हरचा रस्ता

ओस्बर्ट अनवाणी चालला होता. अंगात एकच सदरा, हातात लाकडी क्रूस. भांडणात त्याच्या हातून चक्कीवाला मेला होता. चाळीस दिवस चर्चच्या आसऱ्याला राहिला, तिथं कुणाला धरता येत नाही, म्हणून फाशी टळली. पण आता देश सोडायचा, तोही डोव्हर बंदरापर्यंत पायी, राजरस्त्यावरूनच. एक पाऊल जरी रस्त्याबाहेर पडलं तर कुणीही त्याचं मुंडकं उडवावं, विचारणारा कुणी नाही.

त्याच्यामागे दहा पावलांवर त्याची बारा वर्षांची बहीण गोडिथ. तिच्यामागे चक्कीवाल्याचे दोघे मुलगे, खांद्यावर कुऱ्हाडी. त्यांना कसलीही घाई नव्हती.

“घरी जा गं कार्टे,” ओस्बर्ट मागे न बघता म्हणाला. “आई वाट बघत असेल.”

गोडिथ मागे चालतच राहिली. चाळीस दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. चक्कीवाला मेला त्या संध्याकाळी चक्कीच्या भिंतीवरून एक माणूस उडी मारून पळाला, टोपी तोंडावर ओढलेली. असं काही दिसलं की बघणाऱ्यानं आरोळी ठोकायची आणि ऐकणाऱ्यानं काठी घेऊन धावायचं, हा कायदाच होता. गोडिथनं ठोकली. अख्खं गाव धावलं. तो माणूस चर्चच्या दाराची कडी धरून वळला, तेव्हा कुठं तिला त्याचं तोंड दिसलं. लोकांनी तिची पाठ थोपटली. म्हणाले, वाघीण आहे पोर! वाघीण कसली, डोंबल! तेव्हापासून तिला आत काहीच जाणवत नव्हतं. कडाक्याच्या थंडीत बोटं बधिर होतात, तशी ती अख्खी झाली होती.

ऊन चढलं. रस्त्याच्या खाली, वीस पावलांवर ओढा होता. ओस्बर्ट थांबला. त्याचे ओठ फुटले होते. मागचे दोघेही थांबले.

“प्या की राव!” थोरला म्हणाला. “थंडगार पाणी आहे. आम्ही कुठं नको म्हणतोय?”

धाकटा फिसकन हसला. त्यानं कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली.

ओस्बर्टच्या पायाची बोटं रस्त्याच्या कडेला टेकली होती. टाच उचलली गेली.

“दादा, जागचा हलू नकोस!”

गोडिथला कुणी रस्त्याला बांधलं नव्हतं. ती धावत उतरली, ओंजळ भरून वर आली. निम्मं पाणी वाटेतच गळालं. ओस्बर्टनं तिच्या हातात तोंड घातलं. दोन घोटांत संपलं.

“दादा, त्या दिवशी मी ओरडले होते.”

“माहितीये. एवढा मोठा घसा गावात दुसऱ्या कुणाचा आहे?”

ती तशीच उभी राहिली. ओल्या हातांना वारा लागला, आणि ते गार पडल्याचं तिला कळलं. हनुवटी थरथरायला लागली.

ओस्बर्टनं कुऱ्हाडींकडे पाहिलं, पुढच्या लांबलचक रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“उभी काय राहिलीस? आणखी आण.”