माहेरचा काठ

सरपंच हौसराव आबांनी भीमेच्या काठावर होडीसाठी सिमेंटची जेट्टी आणली, तीही थेट बंदर खात्याच्या अनुदानातून. समुद्र कुठच्या कुठं, पण दौंड तालुक्यात आबांचं नाव झालं. खरं तर पाहणीला आलेले साहेब म्हणाले होते, "आबा, पलीकडच्या गावाला सोबत घ्या, दोन्ही काठांना जेट्टी मिळेल. तिथले सरपंच तर तुमचे व्याहीच आहेत."

"म्हणूनच न्हाई," आबा म्हणाले. "मुलीच्या बापानं व्याह्याच्या दारात काम घिऊन जायचं नसतं, सायेब. आमची जेट्टी आमच्या काठाला बास हाय."

जेट्टीवर पहिलं पाऊल लेकीचं पडावं, ही आबांची हौस. सायली पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, तोच दिवस त्यांनी उद्घाटनाला धरला. फेटा बांधून, हलगी लावून ते सकाळपासून काठावर उभे राहिले.

होडी लागली. दिवस भरत आलेली सायली सावकाश जेट्टीवर उतरली. सासरच्या काठाला होडीपर्यंत गाळातूनच यावं लागलं होतं. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली.

आबांनी हात पुढं केला. "ये बाय. आता काय काळजी न्हाई."

सायलीनं त्यांचा हात धरला आणि मागं वळून पलीकडं पाहिलं.

"आबा, परत जाताना हातात तान्हं असंल. तवा त्या चिखलात कशी उतरू?"