विमानाची मंजुरी

दिगांबर दुबईला गेला, तो गेलाच. दर पोळ्याला तामसीतलं कोणी ना कोणी चंपतरावांना विचारायचं, "पोरगा काऊन नाही आला जी?" चंपतरावांचं उत्तर ठरलेलं. "तिकडल्या कंपनीनं हैदराबादेत विमान उतरवाची मंजुरी मागतली हाय. आपलं सरकारच देत नाही. भेटली का येतेच तो."

गावानं ते मनावर घेतलं. सरकारनं काही अडवलं की शिदोऱ्या बांधून कचेरीसमोर जाऊन बसायचं, ही तिथली जुनी रीत. चंपतरावांना न सांगताच एका सकाळी बसभर माणसं आदिलाबादेत कलेक्टरच्या दारी जाऊन बसली, त्या परदेशी विमानाला मंजुरी द्या म्हणून.

संध्याकाळी कचेरीवरून परतलेला धोंडीबा पारावर चंपतरावांच्या शेजारी येऊन टेकला. नजर मात्र दुसरीकडेच. "सायेब लय हासले. मनले, दुबईचं विमान मुंबईले तं रोजच येते."

चंपतरावांना धरणीनं पोटात घ्यावंसं झालं. धोंडीबा पिकापाण्याचं बोलू लागला.

पुढच्या पोळ्याला, तोरणाखाली बैल उभे असताना, चंपतरावांकडे पाहुणे म्हणून आलेल्या त्यांच्या लेकीच्या सासऱ्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "दिगांबर दिसत नाही?"

चंपतराव खाली मान घालून बैलाची झूल सारखी करू लागले. धोंडीबाच पुढं झाला. "येईन कसा? विमानाले मंजुरी नाही ना भेटली अजून."

कचेरीवर जाऊन आलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या चंपतरावांची मान वर झाली नाही.