चोरीचं गीत

नाताळाला चर्चमध्ये म्हणायचं नवं गीत दरवर्षी शांतवनच रचायचा. पण गेली दोन वर्षं पेटी पुढ्यात घेऊन बसला, तरी त्याला एक ओळ सुचत नव्हती. आणि परवा कापूस वेचून आला, पाय धुवायच्या आधीच पेटीवर बसला आणि अख्खं गीत म्हणून मोकळा झाला.

त्याच्या बायकोला, एस्तेरला, हे काही पचेना. तिनं गुपचूप त्याचा मोबाईल चाळला. आर्णीच्या भावजयीला फोन लावून पहिलं कडवं गाऊन दाखवलं. ती म्हणाली, असलं गीत आमच्याकडे कोणी म्हणत नाही. तरी हिच्या मनातला किडा वळवळतच होता.

रविवारी उपासनेला निघताना तिनं त्याला दारातच धरलं.

"खरं सांगा, कोणाचं उचललं? उद्या चारचौघात माह्यं नाक कापलं जाईन."

शांतवननं पेटी खाली ठेवली. "दर बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत माह्यासाठी कोण रडत होतं?"

"मीच. उपासही मीच धरला."

"काय मागत होती देवाले?"

"तुमाले गाणं सुचू दे म्हणून."

"मंग?"

एस्तेरनं डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. मग हळूच म्हणाली, "मागाले त मागत होती मी. पण तो खरंच देईन, असं थोडीच वाटलं होतं."