ब्रेकमधली हवा

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमचा अबोला दहा दिवस टिकला होता. कुणावाचून अडायला नको म्हणून यांनी नुकतंच ट्रकचे ब्रेक स्वतः दुरुस्त करायला शिकून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यांना महिनाभराच्या फेरीवर निघायचं होतं. न बोलताच गेले असते, तर तो महिना मला खायला उठला असता.

ट्रकखालून आवाज आला, "आई, तिला सांग, ब्रेकमधली हवा काढायचीय. केबिनमध्ये बसून पेडल दाबायला कुणीतरी लागतं."

"मी काय तुमची टपालपेटी आहे?" सासूबाई म्हणाल्या. "तुझं तू सांग."

मी मुकाट्याने केबिनमध्ये चढले.

"दाब," हे खालून म्हणाले. मग "धर." मग "सोड." एकेका चाकाशी सरकत तेच. शेवटी आवाज जरा खाली आला. "अगं, अजून मऊ लागतंय का पेडल? आत हवा राहिली की मऊ लागतं."



पेडल पहिल्या दाबापासून दगडासारखं कडक होतं, पण मी म्हणाले, "हो, बरंच मऊ आहे, पुन्हा सगळी चाकं करावी लागतील."