पहिल्या पानावरची माफी

शुक्रवारी दुपारी चारला छापखान्याने पहिलं पान मागितलं. साप्ताहिकाच्या कचेरीत संपादक परवेझसमोर केडगावच्या बनुबाई बसल्या होत्या. दूधभेसळीच्या बातमीत त्याने चुकून त्यांचा फोटो छापला होता. त्यांची बदनामीची नोटीस टेबलावर होती. “पैसं नको, लेकरा. चुकलो म्हनून छाप, नोटीस मागं घेते. माझं दूध कुनी घेईना.” परवेझने बदनामीच्या दाव्यांचा विमा उतरवला होता. त्याने कंपनीला फोन लावला. “आमच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल केलीत, तर विम्याची भरपाई मिळणार नाही. सोमवारी कळवतो,” अधिकारी म्हणाला. अंक उद्याचा होता. बनुबाईंनी पिशवीतून स्वतःचा फोटो काढला. “ह्यो लाव. मागच्यात मी लई चोरटी दिसते.” परवेझने फोटोखाली माफी लिहून पान पाठवलं. रविवारी बनुबाईंचं दूध सकाळी आठलाच संपलं. सोमवारी कंपनीने परवानगी नाकारली. बनुबाईंनी नोटीस अजून मागे घेतलेली नाही.