एकच चष्मा

एवाल्डोला पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधला ब्राझीलचा मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा रिवाजाप्रमाणं जुन्या प्रयोगशाळेतली एखादी वस्तू त्याला भेट द्यायला तिथल्या तंत्रज्ञ झेनाइदेला मंचावर बोलावलं. तिनं पिशवीतून संरक्षक चष्मा काढला, तसा पहिल्या रांगेतून मी तो लगेच ओळखला. तळघरातल्या आमच्या त्या प्रयोगशाळेत असा चष्मा एकच होता. नवं यंत्र पहिल्यांदा सुरू करताना ज्याचा हात बटणावर, चष्मा त्याच्या डोळ्यांवर, हा नियम. बावीस वर्षांपूर्वी त्या दिवशी हात झेनाइदेचा होता, पण पेपरचा फोटोग्राफर आला आणि एवाल्डो म्हणाला, "दे गं इकडे, फोटोत बरा दिसतो." चष्मा घालून तो लांब दाराशी उभा राहिला. तिनं बटण दाबलं, आतला ट्रान्झिस्टर फुटला आणि तिचा उजवा डोळा गेला. असे ट्रान्झिस्टर का फुटतात, ह्या संशोधनालाच आजचा पुरस्कार. झेनाइदेबाईंनी निष्काळजीपणानं चष्मा घातला नाही, असा अहवाल प्रयोगशाळाप्रमुख म्हणून मी लिहिला होता. एवाल्डोनं चष्मा दिव्यासमोर धरला. "बघा, बावीस वर्षांत एक ओरखडा नाही! कसा गं जपलास, झेना?" "मी कुठली जपते?" ती माइकवर म्हणाली. "त्या दिवशी तूच घातला होतास." मग मी मोठ्यानं हसून टाळी वाजवली आणि मैत्रीतला टोमणा समजून सगळेच हसले. समारंभाचा फोटोग्राफर पुढं आला. "झेनाइदेबाई, जरा मान वळवा. डावी बाजू फोटोत बरी दिसते."